मूठ

गुरुवारी सकाळी बेबी मांजर्लीहून थेट रिक्षा करून आली आणि चपला न काढताच आईच्या खोलीत शिरली.

"कुठं हाय ती बाई?"

ती बाई, म्हणजे नर्सिंग ब्युरोची बनूबाई, पलंगाशी वाकून लघवीची पिशवी सोडवत होती. तिनं मान वर केली. "ताई, चपला तेवढ्या बाहेर काढा. आजींच्या पाठीची जखम आत्ता कुठं सुकायला लागलीय. डॉक्टर बोललेत, बाहेरचं काही आत नको."

"माझ्या आयच्या घरात मी चपला कुठं काढायच्या ते तू सांगनार मना?"

बनूबाई उठली. पिशवी घेऊन मोरीत गेली.

सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून कुशीवर होत्या. पाठीशी उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. हवेच्या गादीचा पंप पलंगाखाली संथ श्वास टाकत होता. दोन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला होता, आणि डोळे. लेकीचा आवाज ऐकून ते डोळे हलले. पण बेबीला ते दिसायला पलंगाच्या पलीकडे जावं लागलं असतं, आणि ती तर दारातूनच माघारी फिरली होती.

"दादा! ए हरिचंद्र दादा! सगल्यांना खाली बोलाव. आत्ताच्या आत्ता."

पहिल्या मजल्यावर मथुरेनं तो आवाज ऐकला. तिच्या माळेचे अजून बावीस मणी बाकी होते. थोरली सून म्हणून एका हाकेला धावायची सवय होती तिला, पण माळ अर्धी सोडून उठायची नव्हती. तिनं डोळे मिटून बावीस मणी पुरे केले, माळ डोळ्यांना लावली, आणि मग जिना उतरली. न बोलता. गुरुवारी पहाटेच्या आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत ती बोलत नसे. अकरा वर्षं झाली. हरिचंद्रची दारू सुटावी म्हणून धरलेलं मौन होतं ते; दारू सुटली, आणि मौन राहिलं. सोडायची तिला भीती वाटायची. देवाशी केलेली बोली आपण मोडली आणि त्यानंही मोडली, तर?

खालच्या हॉलमध्ये घर गोळा झालं. जुनं कौलारू घर पाडून मोरिवलीत ही चार मजली इमारत उभी राहिली तेव्हापासून घरातली माणसं अशी एकत्र बसत ती फक्त सुतकाला नाहीतर साखरपुड्याला. हरिचंद्र खुर्चीत बसला. धाकटा नरेंद्र भिंतीला टेकून उभा, हातात गाडीची चावी. मथुरेची लेक प्राची लॅपटॉप मिटून आली. घरून काम होतं तिचं आज.

"आत्या, हळू बोल ना. आजी ऐकते."

"ऐकू दे. तिच्यासाठीच बोलते." बेबीनं मोबाईल टीपॉयवर ठेवला. "बघा. तीन दिस मी गप बघते. आज सकालचं बघा."

आजीच्या खोलीतला कॅमेरा प्राचीनंच बसवला होता. बनूबाईच्या आधी दोन बायका आल्या आणि गेल्या; एक दुपारभर झोपायची, दुसरीनं आजीच्या दंडावर बोटांचे वळ उठवले. म्हणून कॅमेरा, आणि तो सगळ्यांच्या मोबाईलवर. आवाज मात्र प्राचीनं बंद ठेवला होता. आजीचं कण्हणं, लंगोट बदलतानाचं हुंदकणं काकांच्या ऑफिसात, आत्याच्या स्वयंपाकघरात वाजू नये, एवढी लाज तरी आजीची राखावी म्हणून.

पडद्यावर आठ वाजून दहा मिनिटं. कॅमेरा दारावर, त्यामुळे आजीची पाठ आणि पांढरे केस तेवढे दिसत. बनूबाई डब्यातून तांदळाचे चार दाणे घेते. मुठीत धरते. स्टूल ओढून भिंतीच्या बाजूला, आजीच्या तोंडाशी बसते. तिची मान हलते. ओठ हलतात, थांबतात. पुन्हा हलतात. बराच वेळ. मग ती मूठ आजीच्या डाव्या हाताला लावते, उघडते, उठून खिडकीतून दाणे बाहेर टाकते. आणि मग पेजेची वाटी घेते.

बेबीनं बोटानं चित्र थांबवलं.

"रोज," बेबी म्हणाली. "रोज हाच टाइम. तांदूल मुठीत, तोंडात पुटपुट. हे काय चाल्लंय दादा? नर्सिंग हाय हे?"

"आत्या, प्लीज," प्राची म्हणाली. "हॉस्पिटलमधून आणल्यावर बारा दिवस आजीनं तोंड उघडलं नव्हतं, नुसत्या सलाइनवर होती. डॉक्टर पुन्हा नाकात नळी टाकायला निघाले होते. या बाई आल्या आणि तिसऱ्या दिवशी आजी वाटीभर पेज प्यायली. विसरलीस?"

"तेच तर बोलते मी! आमी पोटची पोरं, आमी भरवलं तर दात घट्ट. आनि ही जांभूळची कोन कुठली बाई, हिनं आल्या आल्या तोंड उघडवलं. कशानं उघडवलं?"

 पाच आठवडे प्राचीनं हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. आजी खाते एवढ्यावर ती आनंदात होती.

नरेंद्र असल्या गोष्टींना हसायचा. जेसीबी, डंपर, साइट, लेबर यातून वेळ कुणाला. ब्युरोची बाई ठेवायला त्यानंच आधी होकार दिला होता, बेबी तेव्हा म्हणाली होती, "परकी बाई आयचं हगनं-मुतनं काढनार? लोक तोंडात शेन घालतील," आणि त्यानं बहिणीला सरळ ऐकवलं होतं, "मग तू ये ना ताई रोज. नाय जमत ना? मग विषय बंद." पण मंगळवारी त्याचा जेसीबी बदलापूरच्या साइटवर विनाकारण उलटला. ऑपरेटरचा पाय मोडला. सपाट जमीन, पाऊस नाही, काही नाही. दोन दिवस त्याच्या डोक्यात तेच फिरत होतं. आता ती मूठ बघून त्यानं हातातली चावी खिशात टाकली.

"बोलवा तिला," तो म्हणाला.

बनूबाई ओले हात पदराला पुसत आली. पन्नाशीची, सुकलेली, ठेंगणी बाई. सगळ्यांकडे बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"हे तांदूळ कशाचे?" नरेंद्रनं विचारलं.

"कहाणीचे."

"कसली कहाणी?"

"आजी सांगतात ना, ती. मी ऐकते. रिकाम्या हातानं ऐकू नये, आमच्यातही तसंच असतं."

बेबी हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "माझी आय? दोन महिने झाले, तिच्या तोंडातून 'पानी' निघत नाय, आनि ती तुला कहानी सांगते?"

"शब्द नाय निघत ताई. पण सांगतात. सकाळी सकाळी त्यांचा गळा चालतो. वर, खाली, मग थांबतात. थांबल्या की माझ्याकडं बघतात. मी 'हं' बोलते. मग पुढं चालतात. पुरी झाली की तोंड उघडतात. मी वहीत लिवते रोज."

"कण्हते ती!" बेबी ओरडली. "दुखतं म्हनून कण्हते माझी आय, आनि ही बाई तोंडाशी बसून..."

मथुरा दाराशी उभी होती. 'हं' हा शब्द ऐकला आणि ही कोणती कहाणी ते तिला कळलं.

चौतीस वर्षांपूर्वी ती या घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं तिच्या हातावर चार दाणे ठेवले होते. "मूठ मिट गो. मी सांगते, तू हं बोल. हं नाय बोललीस तर कहानी बुडते, आनि कहानी बुडली तर मी जेवत नाय." मिठागरावर राबणाऱ्या बायकांची ती कहाणी. सासूला तिच्या सासूनं दिलेली. चोवीस वर्षं मथुरा हं म्हणाली. मग इमारत झाली, चूल वर गेली, तिची स्वतःची माळ आली, पोथी आली, गुरुवार आले. सकाळचा वेळ पुरेना. एक दिवस ती म्हणाली, "आत्याबाई, माझा जप राहतो." सगुणाबाई म्हणाल्या, "कर बाय, देवाचंच हाय ते पन." त्यानंतर त्या कुणाला सांगत होत्या, मथुरेनं कधी विचारलं नाही. कधीतरी खिडकीशी, चिमण्यांकडे तोंड करून बसलेल्या दिसत. तिला वाटलं, सोडलं असेल.

"आई," प्राची तिच्याकडे वळली. "खुणेनं तरी सांग. तू आजीबरोबर सगळ्यात जास्त राहिलीस. हे काय आहे, तुला माहितीय?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले.  मथुरेचे ओठ उघडले, आणि तिनं ते मिटले. मग तिला एकच सुचलं. तिनं उजवा हात पुढं केला, मूठ मिटली, आणि ती मूठ छातीशी धरून सासूच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"बघा!" बेबी उठलीच. "बघा वहिनी काय दाखवते! मूठ! मूठ मारलीय, दादा! माझ्या आयवर मूठ मारलीय हिनं!"

मथुरा मान हलवू लागली. नाही, नाही, नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पाणीच तिच्याविरुद्ध साक्ष झालं.

"वहिनीला पण कळलंय. म्हनून रडते."

"मूठ?" बनूबाईचा चेहरा राखेसारखा झाला. "काय बोलता ताई? मला बाईमाणसाला... मी त्यांचं अंग पुसते, त्यांची जखम धुते, मी मूठ मारीन?"

भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली होती. दुधाचे खाडे मांडायची. मथुरा तिकडं निघाली.

"बस झालं!" हरिचंद्र म्हणाला. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता तो, आवाज फाटला. "मथुरा, तू वर जा. तुझा गुरुवार आहे. नरेंद्र, गाडी काढ, बाईंना पोचवून ये. भांडण नको. आयच्या उशाशी भांडण नको मला."

खुर्चीच्या हातावर त्याची बोटं थरथरत होती. अकरा वर्षांपूर्वी थरथरायची तशी. मथुरेनं ती बोटं पाहिली आणि तिची पावलं पेन्सिलीपाशी अडली. आजचाच दिवस. दिव्याला नऊ तास. दिवा लागला की सांगू सगळं, रीतसर, शांतपणे. नऊ तासांत काय होतंय?

तेवढ्यात काय व्हायचं ते झालं. नरेंद्र स्वतः गेला नाही. त्यानं ड्रायव्हरला पाठवलं, आणि ब्युरोला फोन करून कारण सांगितलं. बनूबाई जाताना आजीच्या खोलीत गेली. बेबी दाराशी पहारा देत उभी. बनूबाईनं कूस बदलून दिली, उशा नीट लावल्या, नाडीचं यंत्र जागेवर ठेवलं.

"दोन तासांनी ह्या अंगावर करा. पाठ ओली ठेवू नका," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

*

दिवा लावून मथुरा खाली आली. दुपारची वरणाची वाटी आणि संध्याकाळची पेज तशीच झाकलेली होती. बेबीनं तीनदा प्रयत्न केला होता. "आय, मी हाय गो, बेबी. उघड तोंड. एक चमचा. माझी शपथ." चमचा दातांवर आपटून पेज मानेवरून उशीवर गेली होती.

"ती मूठ मारायची नव्हती," मथुरा म्हणाली. "कहाणीची होती."

आणि तिनं सांगितलं. दाणे, हुंकार, चोवीस वर्षं, आणि नंतरची दहा. आवाज कुठं चढला नाही. हरिचंद्र मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्याही कानात कुठं तरी ते होतं. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं, आजी सांगतेय आणि आई म्हणतेय, हं.

प्राचीनं तोवर आजीच्या खोलीतून वही आणली. बनूबाईचं अक्षर मोठं, लहान पोरासारखं. तिनं पान वाचलं. "सोमवार. आठ दहा, गोष्ट. आठ पस्तीस, पेज वाटीभर. मंगळवार. आठ पाच, गोष्ट लांबली. पेज सवा वाटी. बुधवार. आजी मधीच थांबल्या, विसरल्या वाटतं. थोड्या येळानं परत पहिल्यापासून." ती थांबली. "पाच आठवडे ही वही इथंच होती. मी रोज फक्त शुगरचा आकडा बघायचे."

"आता बोलतेस वहिनी?" बेबीचा आवाज बसला होता. "सकाली तोंड शिवलं होतं तुझं?"

"हो," मथुरा म्हणाली. "शिवलं होतं."

नरेंद्रनं दारातूनच विचारलं, "मग आता काय? परत बोलवायची?"

प्राची आधीच फोन लावत होती. ब्युरो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. चालवणारी एक सिंधी बाई. ती म्हणाली, "देखो बेटा, औरत चोरी करे तो मैं भी निकालती हूँ. लेकिन आपके अंकल ने क्या बोला, मालूम है? इसके बाद मैं उसको किस मुँह से बोलूँ, वापस जा? वो फोन ही नहीं उठाती. कल दूसरी भेजती हूँ, ट्रेन्ड है."

दुसरी आली. शुक्रवारी सकाळी मथुरा दाणे घेऊन सासूपाशी बसली, मूठ मिटून. सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. गळा हलला नाही. त्यांनी डोळे मिटले.

*

शनिवारी मथुरा आणि प्राची बनूबाईच्या गावी, जांभूळला गेल्या. बनूबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. उठली नाही, पण पाट सरकवला.

"पाणी घ्या," ती म्हणाली. "आमच्या हातचं चालत असेल तर."

मथुरा तांब्या उचलून घोटभर पाणी प्यायली. "बनूबाई, चूक आमची. माझी. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले."

"तुमचं मौन असतं गुरुवारी. प्राचीताईंनी सांगितलं होतं मला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "मी म्हटलं, वहिनी बोलणार नाहीत, पण लिवतील. मी वाट बघितली. तुमी पेन्सिलीपर्यंत गेल्या होत्या."

मथुरेनं तांब्या खाली ठेवला.

"या ना परत, मावशी," प्राची म्हणाली. "आजी परवापासून पाणीसुद्धा घेत नाहीये. उद्यापर्यंत नाही घेतलं तर नळी घालतील. हॉस्पिटलमध्ये नळी ओढते म्हणून तिचा हात पलंगाला बांधला होता. एकच तर हात आहे तिला."

बनूबाईचे हात वालांवर थांबले. तिलाही ते ठाऊक होतं. ती आली तेव्हा त्या मनगटावरचा पट्टीचा वळ अजून निळा होता. तिनंच रोज खोबरेल लावून तो घालवला होता.

"चोर बोलले असते तर आले असते," ती म्हणाली. "झडती घ्या बोलले असते आनि आले असते. पण तुमचा डायवर इथलाच, किसन. पारावर सांगून गेला. काल नळावर माझ्या मागं कोणी हंडा लावला नाय. सुनेनं नात उचलून माहेरी नेली. 'थोडे दिवस' बोलली." ती वालाची साल टाकून म्हणाली, "मी परत तुमच्या घरात पाय टाकला नि आजींना उद्या काय झालं, तर?"

 आजींना काहीतरी होणार होतंच. चौऱ्याऐंशी वर्षांचं शरीर ते.

"मी येऊन सांगते पारावर," मथुरा म्हणाली. "नरेंद्रला घेऊन येते."

"या. पण त्यानं मी येन असं नाय." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "त्या कहाणीतलं एकच वाक्य मला कळायचं. गळा तिथं वर चढायचा. 'जागी हाय का?' असं काहीतरी. तिथं त्या थांबायच्या, आनि मी हं नाय बोलले तर घाबरायच्या. डोळे असे व्हायचे. काय हाय ती कहाणी?"

मथुरेनं सांगितली. मिठागराचा बांध उधाणात तुटला, खांड पडली. सात भाऊ कामाला दूर गेलेले. धाकटी बहीण खांडीत आडवी झाली, पाणी अडवून. वहिन्या बांधावर बसल्या. रात्रभर त्या तिला काहीबाही सांगत राहिल्या, झोप लागू नये म्हणून, आणि मधूनमधून विचारत राहिल्या, बाय, जागी हाय का? ती खालून म्हणायची, हं. मुठीत तिनं आईनं दिलेले चार दाणे धरले होते. सकाळ होईपर्यंत मूठ सोडायची नाही, सोडली तर पाणी आत येईल.

"आनि सकाळ झाली?"

"झाली."

"बरं झालं," बनूबाई म्हणाली, आणि पुन्हा वाल सोलू लागली.

परतीच्या रिक्षात प्राचीचा फोन वाजला. बेबी होती. पलीकडून आधी नुसतं रडणं आलं. साखर एकदम खाली गेली, डोळे फिरवले, डॉक्टर आले, नळी घातली. "हात बांधला गो तिचा," बेबी म्हणाली. "मीच धरून ठेवला, त्यांनी बांधला. मना बघत होती."

*

नळी टाकल्यापासून सगुणाबाईंचा गळा हलला नव्हता. नवी नर्स चांगली होती. दर दोन तासांनी कूस, दर तीन तासांनी नळीतून पातळ पेज, सगळं वेळच्या वेळी. डाव्या हाताला कापसाचा गोळा गुंडाळून वर पट्टी, आणि पट्टीचं टोक पलंगाच्या दांडीला. हात सुटला की तो नाकाकडे जाई. रविवारी एकदा गेला होता, रक्त आलं.

बेबी आपल्या घरी गेली नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात चटईवर बसून असायची. नरेंद्र मंगळवारी वहिनीबरोबर जांभूळला जाऊन पारावर उभा राहिला, बोलला, आणि गाडीत येऊन बसल्यावर बराच वेळ त्यानं चावी फिरवली नाही. ऐकणाऱ्यांतल्या किती जणांनी ते खरं मानलं, देव जाणे. बनूबाईची सून परत आल्याचं अजून तरी कानावर नव्हतं.

गुरुवार आला. मथुरेनं आंघोळ केली, देवापुढं बसली. माळ हातात घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली. देवाला हात जोडले. मनात म्हणाली, माझी बोली मी मोडते आहे. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे, ह्यांच्या हातात पुन्हा दारू देऊ नकोस. हरिचंद्र चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्यानं कप खाली ठेवला. तिच्यामागून जिना उतरला.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला स्टूलवर बसली आणि दांडीची गाठ सोडू लागली.

"मावशी, हात सोडू नका," नर्स म्हणाली. "नळी ओढतील."

"बघते मी."

"मागच्या वेळी रक्त आलं होतं. मला उत्तर द्यावं लागेल."

"मी देईन उत्तर."

कोपऱ्यातून बेबीनं मान वर केली. आज वार कोणता, हे तिच्या ध्यानात आलं असावं; ती वहिनीच्या तोंडाकडे बघतच राहिली.

पट्टी निघाली, कापूस निघाला. हात पांढरा पडला होता, बोटांच्या बेचक्या ओलसर. मथुरेनं तो पदरानं पुसला. मग चार दाणे त्या तळव्यावर ठेवले. आजवर दाणे ऐकणाऱ्याच्या हातात असायचे. आज सांगणारी बदलली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मूठ मिटा. आज मी सांगते."

हात क्षणभर नाकाकडे निघाल्यासारखा झाला. नर्स पुढं सरकली. मग तो तिथंच थांबला, आणि बोटं एकेक करून मिटली.

मथुरा सांगू लागली. सासूच्याच बोलीत, सासूच्याच चालीत. तिला वाटलं होतं त्याहून तिला जास्त आठवत होतं. उधाण आलं, खांड पडली, भाऊ लांब गेले. बाय आडवी झाली. पाणी पायाला लागलं, मांडीला लागलं. वहिन्या बांधावर बसल्या.

"बाय गो," मथुरेचा आवाज वर चढला, "जागी हाय का?"

ती थांबली. गादीचा पंप श्वास टाकत राहिला. सगुणाबाईंचे डोळे तिच्यावर होते. नळी लावलेल्या नाकपुडीखाली ओठ कोरडे, मिटलेले. गळ्यात काही हललं की तिला तसं वाटलं, सांगता आलं नसतं.

कोपऱ्यातून बेबी म्हणाली, "हं."

मथुरेनं वळून पाहिलं नाही. तिनं पुढं सांगितलं. पाणी कमरेला लागलं.

नर्सनं घड्याळाकडे पाहिलं आणि बोटाला लावायची क्लिप घेऊन वाकली. "आजी, मूठ उघडा बघू. ऑक्सिजन बघायचाय." तिनं एक बोट सैल करून पाहिलं. ते सुटेना. दुसरं पाहिलं. मूठ दगडासारखी झाली होती. "मावशी, तुम्ही सांगा ना त्यांना. उघडा म्हणावं."

"राहू दे," मथुरा म्हणाली. "अजून सकाळ झाली नाही."